कुणाची ओळख?

अमोलिक मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘रेकग्नाइझ’ लिहिलं, खाली रेघ ओढली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "मीनिंग?"

"ओळखणे!" आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो.

"गुड. पण नुसतं एवढं पाठ करून भागत नाही. शब्द एकटा राहत नाही कधी. त्याचं कुणाशी जमतं आणि कुणाशी जमत नाही, ते बघावं लागतं. चहा ‘स्ट्रॉन्ग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. का, ते विचारायचं नाही."

"पत्रिका जुळत नसेल," पेंडसेबाई म्हणाल्या आणि वर्गात खसखस पिकली.

रास्ता पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर हा क्लास भरायचा. फक्त गृहिणींसाठी, दुपारी जेवणं उरकली की. खाली छपाईचं यंत्र धाडधाड चालायचं आणि शाईचा वास जिन्यावरून वर यायचा. प्रत्येकीचं इंग्रजी शिकायचं कारण वेगळं होतं. पेंडसेबाईंना ऑस्ट्रेलियातली गोरी सून मिळाली होती आणि तिला चार गोष्टी सुनावायच्या तर कोणत्या भाषेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. माझं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मॅडम फळ्यावर एकेक जोडी लिहीत गेल्या. ‘इन्स्टंटली रेकग्नाइझ’, बघताक्षणी ओळखणं. ‘बेअरली रेकग्नाइझ’, जेमतेम ओळख पटणं. ‘फेल टू रेकग्नाइझ’, ओळखू न शकणं. ‘रेकग्नाइझ द व्हॉइस’, आवाजावरून ओळखणं. आणि सगळ्यात शेवटी ‘रेकग्नाइझ एनीव्हेअर’, म्हणजे कुठंही दिसलं तरी ओळखणं.

"नाऊ, सेंटेन्सेस. येस, मिसेस पेंडसे?"

पेंडसेबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "आय कॅन रेकग्नाइझ माय मदर-इन-लॉज कफ फ्रॉम द थर्ड फ्लोअर."

"अगं बाई!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "इतक्या लांबून कफ कसा ओळखता हो?"

"कफ म्हणजे खोकला गं! इंग्रजीतला!"

हसणं थांबेना. मॅडमसुद्धा हसल्या. हसताना त्या खिडकीकडे गेल्या आणि खिडकीच्या गजांवरून त्यांनी सहज नख फिरवलं, टर्रर्र असा आवाज आला. माझा जीव त्या आवाजात अडकला.

पेंडसेबाई अजून उभ्याच होत्या. "मॅडम, एक शंका. परवा लग्नात माझी थोरली जाऊ समोरून आली, माझ्याकडे नीट बघितलंन् आणि सरळ पुढे निघून गेली. ओळख म्हणून दिली नाही. मग ते कसं म्हणायचं? शी डिड नॉट रेकग्नाइझ मी?"

"नाही, नाही. रेकग्नाइझ केलं होतं त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "ओळखलं होतं. ओळख दिली नाही. त्याला ‘अ‍ॅकनॉलेज’ म्हणतात. शी डिड नॉट अ‍ॅकनॉलेज मी. ओळखणं आपल्या हातात नसतं बघा, ते आपोआप होतं. ओळख द्यायची की नाही, ते आपल्या हातात असतं." मग फळ्याकडे वळत हळूच म्हणाल्या, "बहुतेक वेळा."

"नेक्स्ट. मिसेस शेटे."

मिसेस शेटे म्हणजे मी. उभी राहिले. वाक्य रात्रभर घोकून आले असते तरी इतकं सरळ जमलं नसतं. "आय वुड रेकग्नाइझ माय सिस्टर एनीव्हेअर."

खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. मॅडमनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नव्हे, इतरांकडे बघत तेवढंच.

"व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. "सिट डाउन."

मी बसले. अमोलिक मॅडम ही माझी सख्खी थोरली बहीण होती. शालनअक्का. मी शाळकरी पोर असताना ती घरातून गेली होती, आणि आता उन्हाळ्यापासून मी तिच्या समोरच्या बाकावर बसत होते. तिनं मला ओळखलंच नव्हतं की ओळख दिली नव्हती, यातलं कोणतं खरं ते कळावं म्हणून मी इंग्रजी शिकत होते.

*

आमचं गाव गडहिंग्लज. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एस्टी स्टँडच्या बाजूला सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती, पंक्चर आणि भाड्याच्या सायकली. दारावर पाटी होती, ‘अनोळखी इसमास सायकल भाड्याने मिळणार नाही’. नवा माणूस आला की आप्पा मान वर न करता विचारायचे, "कुणाची ओळख?" म्हणजे गावातल्या कुणाचं तरी नाव सांगायचं. डॉक्टरांच्याकडं आलोय, मास्तरांचा मेव्हणा हाय. ओळख पटली की सायकल मिळायची, नाही तर पायी जा. ह्या बाबतीत आप्पांनी मामलेदारालासुद्धा सोडलं नव्हतं.

दुकानाच्या मागं घर. शालनअक्का दुपारी दुकानात बसायची. चाकाच्या तारा ताठ आहेत का ते बघायला तारांवरून नख फिरवायची, टर्रर्र. आई आजारी असायची, त्यामुळं मला वाढवलं अक्कानंच. शाळा सुटली की मी धावत यायचे आणि उंबऱ्यातूनच ओरडायचे, "अक्का, आलो!"

आमच्या भागात बायका असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. अक्का चुलीपुढनं मागं न बघता म्हणायची, "आलीस? पाय धू जा आदी." माझे पाय कायम मातीत माखलेले. ते न बघताही तिला दिसत असावेत.

एकदा टेलिफोन खात्यातला एक तरुण माणूस दुकानात आला. खांब रोवायचं काम चालू होतं, त्यावरचा साहेब. सॅम्युअल अमोलिक नाव सांगितलं.

"कुणाची ओळख?" आप्पांनी विचारलं.

त्याला गावात कुणीच माहीत नव्हतं. तो वळून जायला लागला, तेव्हा अक्का पान्ह्यांची पेटी खाली ठेवून म्हणाली, "मी ओळखतो ह्यांना."

आप्पांनी मान वर केली. लेकीकडं बघितलं आणि सायकल काढून दिली. शालन ओळखते म्हटल्यावर पुढं काय विचारायचं? खरं तर तीही ओळखत नव्हती त्याला. नंतर ओळखायला लागली. ओळख वाढत गेली आणि एका सकाळी अक्का घरात नव्हती. जात वेगळी, धर्म वेगळा. गाव आठवडाभर आमच्या दारावरून मुद्दाम ये-जा करत होतं.

आप्पांनी दुकानाची फळी अर्धी लावून मला आणि आईला समोर बसवलं. "आजपासनं तिची आमची ओळख न्हाई. रस्त्यात समोर आली तरी ओळख द्यायची न्हाई," ते म्हणाले. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला वाटलं होतं, चार दिवसांनी अक्का येईल, आप्पा ओरडतील आणि संपेल. संध्याकाळी शाळेतनं आले की उंबऱ्यात ‘आलो’ तोंडात यायचं आणि तिथंच थांबायचं. आत कुणी नसायचं उत्तर द्यायला. मला अक्काची आठवण पोटात दुखल्यासारखी यायची आणि सांगायची सोय नव्हती.

पुढं आई गेली. मी मोठी झाले आणि पुण्याच्या शेट्यांकडं माझं लग्न झालं. माहेरी मी बेबी, शाळेत मंगल, आणि लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, मृदुला. त्या दिवसापासून मला हाक मारली तरी मीच आहे हे कळायला मलाच वेळ लागायचा. सासरी पहिल्या सकाळी मी म्हणाले, "आई, मी आंघोळ करून आलो." सासूबाई दचकून माझ्या मागं बघायला लागल्या, कोण बाप्या आला म्हणून. घरभर हसू झालं. सासूबाई प्रेमळ होत्या, पण त्या दिवसापासून मी ‘आले-गेले’ करायला शिकले. आता लिहितानाही तसंच लिहिते.

इंग्रजीत ही भानगडच नाही. बाई असो, बाप्या असो, ‘आय केम’. रास्ता पेठेतून जाताना एकदा पाटी दिसली, ‘अमोलिक इंग्लिश क्लास’. हे आडनाव घरात उच्चारायची बंदी होती, म्हणूनच ते कधी विसरले नव्हते. वर गेले तर आखूड केसांच्या, चष्मा लावलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई. जेमतेम ओळख पटली, बेअरली. पण त्यांनी खिडकीच्या गजांवरून नख फिरवलं आणि शंका उरली नाही.

नाव विचारलं, मी सांगितलं. मृदुला शेटे. त्यांनी लिहून घेतलं. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं ह्यांनी मला कितीदा तरी विचारलं. काय सांगणार? जिनं मला कडेवर वाढवलं, तिला मी माझी ओळख सांगायची? तिनं ओळखायला नको? आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. मी सांगावं आणि तिनं, बरं मग, म्हणावं. ते मला सोसलं नसतं. म्हणून मी तिचं ‘आय केम’, ‘आय वेंट’ ऐकत बसायचे आणि वाट बघायचे. बायकांशी मराठीत बोलली तरी ती स्वच्छ पुणेरी बोलायची, मी येते, मी सांगते. तिच्यात गडहिंग्लज कुठं शिल्लक आहे का, ते मी रोज शोधत होते.

*

घाई करायला एक कारण होतं, ते म्हणजे आप्पा. दुकान बंद करून मी त्यांना पुण्याला आणलं होतं, कारण त्यांची माणसांची ओळख पुसत चालली होती. ज्या माणसाला सगळं गाव माहीत होतं, तो आता स्वतःच्या जावयाला ‘पाव्हणं’ म्हणायचा. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्या प्रत्येकाला अडवायचे, "कुणाची ओळख?" दूधवाला शहाणा होता. "शेटेवहिनींची," म्हणायचा, मग त्याला आत सोडायचे. सासूबाईंच्या भिशीच्या बायकांना मात्र एकदा पायरीवरूनच परत पाठवलं.

आणि मला ते शालन म्हणायचे.

"शालन, पाणी दे गं." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. "आप्पा, मी बेबी," मी म्हणाले तर कावरेबावरे झाले. "बेबी शाळंत गेलीया. तू शालन न्हवं?" त्यानंतर मी शालनच झाले. हाक मारली की ‘ओ’ द्यायचे. पण रात्री अंथरुणावर पडलं की वाईट वाटायचं. जिची ओळख मोडली तिला ते माझ्यात बघत होते, आणि जिनं सांभाळलं ती बेबी कायमची शाळेत गेली होती. तरी मला हेवा नव्हता वाटत. एकच धास्ती होती, की हे नावही पुसायच्या आत अक्का त्यांच्यापुढं उभी राहायला हवी. ते नाव त्यांच्या तोंडून तिनं ऐकायला हवं.

*

त्या रेकग्नाइझच्या धड्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी निघायच्या वेळेला आप्पांनी दारात हात आडवा घातला. "शालन, कुटं निगालीस? पुन्यांदा जाऊ नगंस." त्यांची समजूत घालून, सासूबाईंच्या ताब्यात देऊन निघेपर्यंत फार उशीर झाला. नाना पेठेपासून रास्ता पेठेपर्यंत मी अक्षरशः धावत गेले. जिना चढले, चपला काढल्या. अमोलिक मॅडमचा नियम होता की दारात उभं राहून ‘मे आय कम इन’ म्हटल्याशिवाय आत यायचं नाही. मॅडम फळ्याकडं तोंड करून लिहीत होत्या. मला धाप लागलेली. तोंड उघडलं आणि आतून निघालं ते असं,

"आलो!"

मॅडम लिहीत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "आलीस? पाय धू जा आदी."

सगळा वर्ग हसून कोसळला. "मॅडम, वंडरफुल!" पेंडसेबाईंनी टाळ्या वाजवल्या. "कोल्हापुरी टोन काय हुबेहूब काढलात हो!"

मॅडमचा खडू फळ्यावर होता तिथंच थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. मग वळल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "सायलेन्स, प्लीज. मिसेस शेटे, टेक युवर सीट."

त्या दिवशी काय शिकवलं, देव जाणे. वर्ग सुटला, बायका चपला शोधत, बडबडत उतरल्या. मी मुद्दाम मागं राहिले. मॅडम कुलूप घेऊन जिन्याच्या तोंडाशी आल्या.

"अक्का," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला.

त्यांनी हात काढून घेतला. झटकला नाही, पण काढून घेतला. "मिसेस शेटे," त्या म्हणाल्या. आवाज फुटत होता, तो त्यांनी सारखा केला. "मिसेस शेटे, मला जरा तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी आहात म्हणून. ऐकाल?"

मी मान हलवली.

"माझी एक धाकटी बहीण आहे. बेबी म्हणतात तिला. पायातलं काढलं की एका चपलेवर दुसरी चप्पल ठेवते, आमच्या आईसारखी. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी दारात उभी होते. एवढ्या सगळ्या चपलांत एक जोड तसा ठेवलेला." त्यांनी खाली बघितलं. माझ्या चपला एकीवर एक होत्या. "त्या जोडात कोण पाय घालतंय ते बघत थांबले. कुठंही ओळखीन मी ते, मिसेस शेटे. एनीव्हेअर."

"मग?" मी रडत विचारलं. "मग मॅडम, तुमच्या त्या बहिणीला तुम्ही ओळख का नाही दिलीत? ती रोज समोर बसून वाट बघत असेल तर?"

"आई गेली तेव्हा मी आलो होतो गावाकडं," त्या म्हणाल्या. ‘आलो’ म्हणाल्या. त्यांच्याही लक्षात आलं, पण त्यांनी ते सुधारलं नाही. "आप्पांनी पेट्रोल पंपापाशीच अडवलं. पुढं येऊ दिलं न्हाई. म्हणाले, धाकटीचं लग्न व्हायचंय, तुझ्यापायी तिचं मोडंल. बेबीच्या गळ्याची शपथ घातली मला. ती समोर आली तरी ओळख द्यायची न्हाई. तिच्या गळ्याची, मिसेस शेटे. दुसऱ्या कशाची असती तर मोडली असती."

पेट्रोल पंपापाशी डोक्यावरून पदर घेतलेली, छत्रीच्या आड उभी असलेली बाई मला आठवली. आईला नेत होते आणि मी एकदाच मागं वळून बघितलं होतं.

"पण त्या बहिणीचं लग्न झालं," मी म्हणाले. "मंगळसूत्र दिसलं नाही का?"

"दिसलं की. पण शपथ अशी आपोआप सुटती व्हय? ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हणावं लागतं." मग स्वतःलाच हसल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "सगळ्या जगाला इंग्रजी शिकवते मी. पण ह्या बाबतीत अडाणीच राहिलेय."

आप्पा असं काही म्हणायच्या पलीकडं गेले होते. ते मी सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्ची, दूधवाला, शालन. त्या कठड्याला धरून ऐकत होत्या. "माझ्या नावानं हाक मारतात?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

"मॅडम, तुम्ही घरी या," मी म्हणाले. "ओळख देऊ नका. नुसत्या या. शेट्यांच्या ओळखीच्या बाई म्हणून या."

*

त्या रविवारी आल्या. ह्यांनी सासूबाईंना घेऊन मुद्दाम बाहेर जायचं ठरवलं होतं. पायरीवर टाचेच्या चपलांचा आवाज आला आणि आप्पांनी खुर्चीतून हात आडवा केला.

"कुणाची ओळख?"

अक्का खालच्या पायरीवर थांबली. साडी इस्त्रीची, चष्मा, हातात सफरचंदांची पिशवी. आप्पांकडं बघत होती, त्यांच्या पिकल्या भुवयांकडं, पान्ह्यानं वाकड्या झालेल्या बोटांकडं. आप्पांच्या नजरेत काही म्हणजे काही नव्हतं.

"मुकी हाय का काय? कुणाची ओळख, म्हनलं."

मी आतून पुढं झाले. "मी ओळखतो हिला, आप्पा," मी म्हणाले.

कोणतं वाक्य बोलून गेले ते माझ्या ध्यानात नंतर आलं. अक्काच्या मात्र तेव्हाच आलं. तिनं भिंतीचा आधार घेतला.

आप्पांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि हात खाली घेतला. "शालन ओळखती म्हंजे झालं. या, आत या, बाई."

स्वतःचं नाव तिनं ऐकलं, माझ्यासाठी उच्चारलेलं. आत येऊन ती आप्पांच्या समोर, पलंगाच्या कडेवर टेकली. मी पाणी आणलं, तर ते तिच्या हातात तसंच राहिलं. आप्पा माझ्याकडं वाकून म्हणाले, त्यांच्या मते हळू, "कोन गं ही? ओळख करून दे की."

काय सांगणार होते मी? ही शालन म्हटलं असतं तर त्यांच्या डोक्यात दोन शालन मावल्या नसत्या. पुन्हा कावरेबावरे झाले असते, बिचकून तिला घालवूनही दिलं असतं. एवढी वर्षं थांबून अक्का त्यांच्यापर्यंत पोचली होती, ती परक्या बाईसारखी परत जायला नको होती. माझ्याकडं तिला द्यायला एकच नाव रिकामं होतं.

"बेबी हाय, आप्पा," मी म्हणाले.

अक्कानं माझ्याकडं झटकन बघितलं.

"बेबी?" आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "सुटली व्हय शाळा? हिकडं ये, हिकडं." अक्का उठून त्यांच्या पायाशी बसली. आप्पांनी तिच्या आखूड, पिकायला लागलेल्या केसांवरून हात फिरवला. "किती वाळलीस गं. केस कुणी कापलं? उवा झाल्त्या काय?"

अक्का हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांचा हात डोक्यावरून गालावर आला, तसा तिनं तो गालाशी दाबून धरला. आप्पांना तिनं काही सांगितलं नाही. बेबी होऊन बसून राहिली.

मग आप्पांना काहीतरी आठवलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आनि काय गं बेबी, अशी परक्यागत काय बसलीस? ही अक्का आलीया न्हवं का तुजी! इतकी वाट बघत हुतीस. ओळखलंस का न्हाई तिला?"

"ओळखलं की, आप्पा," अक्का म्हणाली. तिची नजर माझ्यावर होती. "लांबनंच ओळखलं."

"मग ओळख दे की!" आप्पा एकदम चिडले. दुकानात गिऱ्हाइकावर चिडायचे तसे, खुर्चीच्या हातावर थाप मारून. "घरचं मानूस घरच्याला ओळख दीना म्हंजे काय? कुनी शिकिवलं तुला हे? ऊठ. दे ओळख!"

अक्का उठली. मी उभीच होते, रिकामा ट्रे धरून. तिनं तो माझ्या हातातून काढून पलंगावर टाकला आणि मला मिठी मारली, मी कडेवर मावेन अशा बेतानं, घट्ट. तिच्या खांद्याला खडूचा वास येत होता.

"सुटली गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "बेबी, सुटली."

मागं आप्पा स्वतःशीच पुटपुटत होते, "हां, आता कसं." आणि मी अक्काच्या गळ्यात पडून पोटभर रडलो.